पहिली-दुसरीच्या मुलांचं वाचणं आणि मोजणं: वर्गात नोंद नेमकी कशाची ठेवता?

पाटीपेन्सिल

बऱ्याच दिवसांपासून हा धागा काढायचा होता. साधारण चार ते आठ वयाच्या मुलांना वाचायला, मोजायला कितपत येतंय याची नोंद ठेवा असं सगळीकडे सांगतात, आणि सगळे शिक्षक ती ठेवतातही. पण त्यात असतं काय, तर 'अक्षर ओळख: होय, अंक ओळख: होय, वाचन: मध्यम'. या 'मध्यम'वरून उद्या त्या मुलाला घेऊन बसल्यावर काय करायचं हे काहीच कळत नाही. म्हणून माझं ठाम मत असं की नोंद मुलाने काय केलं याची हवी, आपण काढलेल्या निकालाची नको.

मोजण्याचंच घ्या. '१ ते २० येतात' असं आपण लिहितो. रॉशेल गेल्मन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ साली मोजणीमागची पाच तत्त्वं मांडली होती, ती मला वर्गात फार उपयोगी पडतात. एका वस्तूला एकच संख्या म्हणणं, संख्यांचा क्रम दरवेळी तोच ठेवणं, शेवटी म्हटलेली संख्या म्हणजे सगळ्या वस्तू मिळून किती ते समजणं, वस्तू कुठल्याही असोत मोजता येतात हे कळणं आणि कुठूनही मोजायला सुरुवात केली तरी उत्तर तेच येतं हे कळणं. आता घडाघडा वीसपर्यंत म्हणणाऱ्या मुलाकडे यातलं फक्त क्रमाचं तत्त्व असू शकतं, बाकीची चार अजून यायचीच असतात, आणि आपल्या तक्त्यात त्याच्यापुढे टिक झालेली असते.

त्याऐवजी मी असं लिहिते: '७ मणी, एकेकाला बोट लावून बरोबर मोजले, मग किती आहेत विचारल्यावर परत पहिल्यापासून मोजले.' एवढ्या ओळीवरून मला कळतं की एकास एक जमलंय पण शेवटची संख्या म्हणजे 'सगळे मिळून एवढे' हे अजून बसलेलं नाही, म्हणजे पुढचे काही दिवस त्याला वीसच्या पुढे ढकलायचं नाही तर पाच-सात वस्तूंच्या आतच खेळवायचं.

वाचनात पण तेच. बाराखडी सुरात म्हणणारं मूल 'कु' एकटं समोर ठेवलं की क का कि की करत तिथपर्यंत येतं. म्हणजे त्याला गाणं येतंय, चिन्ह ओळखता येत नाहीये. दोन्ही वेगळं लिहायला हवं.

माझी पद्धत अशी, की प्रत्येक मुलाचं एक पान, डाव्या बाजूला वाचन-लेखन आणि उजव्या बाजूला संख्या, तारीख, समोर काय ठेवलं होतं, त्याने काय केलं आणि शेवटी एक ओळ की आता पुढे काय देणार. ही शेवटची ओळ लिहिता आली नाही तर ती नोंद मी अपुरी धरते. तुम्ही काय करता? पट मोठा असला तर कसं जमवता? कुणी ॲप वापरतं का? आणि पालकांना यातलं काय दाखवता?

मणीमाळ

चांगला धागा. मोजण्याच्या बाजूने भर घालतो, माझा जीव त्यातच आहे.

'हे किती आहेत ते मोज' आणि 'मला यातले पाच दे' या दोन वेगळ्या कसोट्या आहेत आणि दुसरी जास्त अवघड आहे. कॅरन विन यांनी १९९० च्या सुमारास ही 'एवढे दे' वाली कृती वापरून दाखवलं होतं की मुलं आधी फक्त 'एक' नीट देतात, दोन किंवा तीन मागितले तर मूठभर उचलून देतात, मग काही महिन्यांनी 'दोन' पक्कं होतं, मग 'तीन', आणि त्यानंतर कधीतरी एकदम सगळा प्रकार उलगडतो आणि मग कितीही मागा ते मोजून देतात. म्हणून मी नोंदीत मोजून दाखवलेली आणि मागितल्यावर दिलेली संख्या वेगवेगळी लिहितो. एकाच मुलाच्या या दोन आकड्यांत खूप अंतर असतं आणि ते अंतर हीच खरी माहिती आहे.

आणखी काही गोष्टी ज्या तक्त्यात क्वचितच सापडतात:

न मोजता, एका नजरेत तीन-चार ठिपके ओळखता येतात का. फाशावरचे ठिपके दाखवून पटकन झाकायचे आणि विचारायचं. यावरच पुढे 'पाच म्हणजे तीन आणि दोन' हे उभं राहतं.

मधूनच सुरुवात करता येते का. 'सातपासून पुढे म्हण' म्हटल्यावर एकपासून सुरू होणारी मुलं बेरजेतही सगळं पहिल्यापासून मोजतात, ५ आणि ३ असले तर आधी पाच मोजतात, मग तीन मोजतात, मग सगळे परत. उत्तर आठच येतं हो, म्हणून वहीत बरोबरची खूण होते. पण पाच डोक्यात धरून सहा, सात, आठ म्हणणारं मूल वेगळ्या ठिकाणी आहे, आणि हे फक्त बाजूला बसून बघितलं तरच दिसतं, वही तपासून कधीच दिसत नाही.

उलट मोजणं. दहापासून खाली येताना कुठे अडखळतं ते लिहा, वजाबाकीला त्याचा उपयोग होतो.

आणि मानसशास्त्रज्ञ पियाजेची ती जुनी कृती, दोन सारख्या रांगा मांडून एक रांग लांब पसरवायची आणि कुठे जास्त विचारायचं. फक्त एवढंच सांगतो की ती परीक्षा म्हणून घेऊ नका. मोठ्या माणसाने तोच प्रश्न दोनदा विचारला की मुलांना वाटतं पहिलं उत्तर चुकलं होतं, आणि ती उत्तर बदलतात.

कानामात्रा

वाखुसा (वाचनखूण साठवली). वर 'गाणं येतंय, चिन्ह ओळखता येत नाहीये' म्हटलंय त्याला शंभर टक्के सहमत, आणि त्याच्या पुढची पायरी सांगते.

मूल क, म, ळ तिन्ही अक्षरं बरोबर ओळखतं, पण 'क... म... ळ...' म्हटल्यावर त्यातून कमळ बाहेर येत नाही. आपण याला वाचन कच्चं म्हणून मोकळे होतो. पण बघा, अक्षरं सुटी म्हणताना प्रत्येकाच्या शेवटी आपण 'अ' लांबवतो आणि बोलताना शेवटच्या ळ मधला तो अ जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे सुट्या आवाजांची बेरीज ओळखीच्या शब्दासारखी ऐकूच येत नाही. हे मूल अक्षरांत कच्चं नाहीये, त्याला आवाज जोडायची सवय हवीये, आणि ती तोंडीही देता येते, कागद नसतानाही. म्हणून माझ्या वहीत 'सुटी अक्षरं' आणि 'जोडून शब्द' अशा दोन वेगळ्या नोंदी असतात.

अक्षरांच्या चुकाही नुसत्या मोजू नका, कोणत्या ते लिहा. घ-ध, म-भ, ब-व, प-ष, थ-य हे दिसण्यातले गोंधळ झाले, आणि ट-ठ, द-ध, श-स हे ऐकण्यातले. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे. पहिल्यात अक्षरं शेजारी ठेवून कुठे फरक आहे ते मुलालाच शोधू द्यावं, दुसऱ्यात डोळे मिटून शब्द ऐकवावेत. रफार आणि रकार हा तर स्वतंत्र विषय आहे, 'क्र' आणि 'र्क' मध्ये र कुठे ऐकू येतो हे बऱ्याच मुलांना दुसरी संपली तरी नक्की सांगता येत नाही.

परिच्छेद वाचायला लागल्यावर मी न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांची पद्धत वापरते. मूल वाचत असताना आपल्या कागदावर प्रत्येक बरोबर शब्दाला खूण, चुकला तर काय म्हटलं ते वर लिहायचं, गाळला तर रेघ, आणि स्वतःहून सुधारलं तर तशी नोंद. स्वतः सुधारलेली चूक, चुकीत धरायची नाही. त्यांच्या हिशोबात शंभरातले ९५ किंवा जास्त शब्द बरोबर आले तर मजकूर सोपा, ९० ते ९४ असेल तर शिकवायला योग्य, ९० च्या खाली म्हणजे आत्ता तरी अवघड. हे आकडे इंग्रजी वाचनावरून आलेत, मराठीत प्रत्यय लागून शब्द लांब होतात त्यामुळे मी ते अंदाजापुरतेच घेते. आकड्यापेक्षा चूक कशी आहे ते महत्त्वाचं. 'घोडा पळाला' ऐवजी 'घोडा धावला' वाचणारं मूल अर्थ धरून चाललंय पण शब्दाकडे बघत नाहीये. 'घोडा पाळला' वाचणारं मूल अक्षरांकडे बघतंय पण वाक्याला अर्थ लागतोय का हे तपासत नाहीये. दोघांच्या नावापुढे 'एक चूक' एवढंच लिहिलं तर दोघांनाही तोच उपाय मिळणार.

दुपारची_शाळा

सगळं पटतंय पण माझा प्रश्न वेळेचा आहे. एकटी शिक्षिका, दोन इयत्ता एकत्र, त्यात एकाला घेऊन बाजूला बसलं की बाकीच्यांचं काय? आणि वरून मागितलेले तक्ते वेगळे भरायचेच असतात. इतकं बारीक लिहायला लागले तर शिकवायचं कधी? मला खरंच हे करायचंय म्हणून विचारतेय.

पाटीपेन्सिल

@दुपारची_शाळा, प्रश्न अगदी रास्त आहे. सगळ्यांचं सगळं बघायचं ठरवलं तर कुणालाच जमणार नाही, मलाही जमत नाही. मी दिवसाला चार-पाच मुलंच घेते आणि प्रत्येकाची एकच गोष्ट बघते, त्या आठवड्यात जे शिकवतेय तीच. दोन-तीन मिनिटं पुरतात. बाकीच्यांना तेव्हा असं काम द्यायचं जे त्यांना आधीच नीट येतंय, नवीन काम दिलं की दर अर्ध्या मिनिटाला कुणीतरी विचारायला येतं आणि समोरच्या मुलाचं लक्ष उडतं.

दुसरं, बरंच काही बाजूला न घेताही दिसतं. वह्या वाटायला सांगताना 'तुमच्या गटात किती जण आहेत, तेवढ्या घेऊन जा' म्हटलं की कोण मोजून नेतं, कोण मूठभर नेतं, कोण प्रत्येकाला एकेक देऊन परत उरलेल्या आणून देतं हे तिथल्या तिथे दिसतं. हजेरीच्या वेळी स्वतःच्या नावाची चिठ्ठी उचलायला लावली की कोण नाव पूर्ण वाचतंय आणि कोण फक्त पहिलं अक्षर बघतंय ते कळतं. मी चिकटणाऱ्या कागदांचा छोटा गठ्ठा जवळ ठेवते, तिथल्या तिथे दोन शब्द, आणि शाळा सुटल्यावर त्या त्या पानावर चिकटवून टाकते. परत उतरवून काढत नाही.

वरच्या तक्त्यांसाठी वेगळं काही करू नका, या पानांवरूनच ते भरता येतात. उलटं मात्र होत नाही.

आणि रिकामी पानं बघत जा. महिन्याच्या शेवटी ज्याच्या पानावर काहीच नाही ते मूल बहुतेक शांत, त्रास न देणारं, मधल्या रांगेतलं असतं. पुढच्या आठवड्याची सुरुवात तिथून करायची.

अनवट

मी शिक्षक नाही, पालक आहे. मुलगी पहिलीत. शाळेतून दर महिन्याला एक कागद येतो त्यात रंग असतात, हिरवा पिवळा लाल. तिला वाचनात पिवळा आहे. तिने स्वतःच मला सांगितलं की 'मी पिवळी आहे'. तेव्हापासून पुस्तक काढलं की तिचा चेहरा उतरतो. मला कळत नाहीये की याचा अर्थ काय घ्यायचा आणि घरी काय करायचं.

पाटीपेन्सिल

@अनवट, वाचून वाईट वाटलं. रंग मोठ्यांनी आपल्या सोयीसाठी वापरावेत, मुलापर्यंत ते पोचायलाच नकोत, आणि भिंतीवर तर अजिबात नकोत. मुलं लगेच स्वतःला त्या रंगाचं समजायला लागतात.

तुम्ही शाळेत जाऊन एवढंच विचारा की 'पिवळा म्हणजे तिला नेमकं काय वाचायला दिलं होतं आणि तिने ते कसं वाचलं?' काना-वेलांटीचे शब्द अडतात का, जोडाक्षरं अडतात का, की वाचते सगळं पण वाचून झाल्यावर सांगता येत नाही? शक्य असेल तर एक नमुना मागा. मी पालकांना गुण किंवा श्रेणी दाखवण्यापेक्षा सुरुवातीचा आणि आत्ताचा लिखाणाचा कागद शेजारी ठेवून दाखवते, मुलीसमोरच, आणि तिलाच विचारते की आता काय वेगळं करतेस. मुलं फार नेमकं सांगतात.

घरी परीक्षा घेऊ नका. तुम्ही वाचा, ती ऐकू दे, गोष्टीवर बोला. गॉफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये एक साधी मांडणी केली होती, की वाचून समजणं म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखता येणं गुणिले ऐकून भाषा समजणं. गुणाकार आहे, म्हणजे एक बाजू शून्याजवळ असली तर दुसरी कितीही भक्कम असून चालत नाही. ऐकून समजण्याची बाजू तुम्ही घरी रोज वाढवू शकता, आणि त्यात तिला रंगही मिळत नाही.

सावलीतली

विशेष गरजांच्या मुलांबरोबर काम करते म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगायचीय. 'येत नाही' लिहिण्याआधी ऐकू येतंय का आणि दिसतंय का हे तपासा. सर्दीने कान भरलेलं मूल 'ट' आणि 'ठ' मध्ये गोंधळणारच, आणि ते काही दिवस असं आणि काही दिवस ठीक असं असतं, त्यामुळे आपल्याला वाटतं लक्ष देत नाही. फळ्यावरचं चुकतं पण पुस्तकातलं बरोबर येतं, हे नोंदीत दिसलं तर डोळे तपासायला सांगा. तारखेसोबत 'फळा', 'पुस्तक', 'तोंडी' एवढं लिहिलेलं असेल तरच हे लक्षात येतं.

घरची भाषा वेगळी असलेली मुलं हा दुसरा मुद्दा. त्यांना मोजता येतंय का हे त्यांच्या भाषेत मोजायला सांगून बघा, तुम्हाला ती भाषा येत नसली तरी बोट आणि वस्तू जुळतायत का हे दिसतंच. संख्येची समज आहे पण मराठी नावं नाहीत, अशी नोंद झाली तर त्या मुलाला मणी मोजायला बसवणार नाही कुणी, नावं शिकवतील.

आणि न बोलणारी मुलं. 'हे कोणतं अक्षर' ऐवजी 'यातलं म कुठे आहे दाखव' असं विचारा. बोट दाखवून उत्तर देता येतं. फक्त ओळखून दाखवणं हे स्वतः म्हणण्यापेक्षा सोपं असतं, म्हणून कसं विचारलं ते लिहायला विसरू नका.

दुपारची_शाळा

गटात किती ते मोजून वह्या नेण्याचं आजच करून बघितलं. जी मुलगी शंभरपर्यंत म्हणते तिने मूठभर उचलल्या, आणि जो कधी तोंड उघडत नाही त्याने बोटांवर मोजून बरोबर सहा नेल्या. दोघांच्या नावाने लिहून ठेवलं.

एक वेगळा मुद्दा. मिनिटाला किती शब्द वाचतो हे मोजण्याबद्दल काय मत आहे? मला ते सोपं वाटतं, एकच आकडा मिळतो, वाढ दिसते.

कानामात्रा

माझा त्याला थोडा विरोध आहे. एग्रासारख्या (EGRA, सुरुवातीच्या इयत्तांचं वाचन तपासणारी चाचणी) चाचण्यांत एक मिनिटाचं वाचन असतं आणि मोठ्या प्रमाणावर पाहणी करायची असेल तेव्हा त्याचा उपयोग आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण वर्गात घड्याळ दिसलं की मुलं पळायला लागतात, विरामचिन्हं खातात, अडलेला शब्द सोडून देतात, आणि मग तेच वाचन असं त्यांना वाटायला लागतं.

मणीमाळ

मी अर्धा सहमत. फार हळू वाचणाऱ्या मुलाला वाक्याच्या शेवटापर्यंत येईतो सुरुवात आठवत नाही, तेव्हा वेगाला अर्थ आहे. मी घड्याळ न दाखवता अधूनमधून बघतो, आणि त्याच वेळी 'काय झालं गोष्टीत' हेही विचारतो, दोन्ही एकत्र लिहितो. एकटा वेग लिहून ठेवत नाही.

त्या एग्रामधली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे, अर्थ नसलेले शब्द वाचायला देणं. 'टमूल', 'बाकीस' असे. पुस्तकातले शब्द मुलांना पाठ झालेले असतात, चित्र बघून ओळखतात, पण 'टमूल' पाठ असूच शकत नाही, त्यामुळे खरंच वाचतंय का ते लगेच कळतं. मुलांना आधी सांगायचं की हे गमतीचे शब्द आहेत, नाहीतर ती ओळखीचा शब्द शोधत बसतात.

कानामात्रा

गमतीच्या शब्दांना अनुमोदन. वेग आणि गोष्ट एकत्र लिहिण्यालाही हरकत नाही.

पाटीपेन्सिल

@मणीमाळ, दोन अंकी संख्यांबद्दल लिहा ना. 'पंचवीस' सांगितलं की ५२ लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात, त्याची नोंद कशी करता?

मणीमाळ

आपल्या संख्यांच्या नावांत एकक आधी ऐकू येतो आणि लिहिताना दशक आधी लिहायचा असतो, म्हणून ५२ होतं. जर्मनमध्येही 'पाच आणि वीस' असाच क्रम आहे, तिथल्या मुलांचीही हीच चूक होते. चिनीमध्ये 'दोन दहा पाच' असं सरळ आहे. आणि आपल्याकडे वरून एकोण- आहे, 'एकोणतीस' ऐकून ३९ लिहिणारं मूल शेवटी ऐकू आलेला 'तीस' धरून आणि नऊ आठवून लिहितंय. त्यामागे विचार आहे.

म्हणून मी तीन गोष्टी वेगळ्या बघतो: नाव ऐकून आकडा लिहिणं, आकडा बघून नाव सांगणं, आणि तेवढ्या वस्तू दहाच्या गठ्ठ्यांत मांडणं. पंचवीस ऐकून ५२ लिहिणाऱ्या मुलाने २५ काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या बरोबर मांडल्या तर त्याची समज ठीक आहे, फक्त नावाचा क्रम अडतोय. गठ्ठेच जमले नाहीत तर काम वेगळं आहे.

कॉन्स्टन्स कामी यांची एक प्रसिद्ध कृती करून बघा. १६ सोंगट्या मोजायला लावायच्या, १६ लिहायचं, मग सहावर बोट ठेवून 'एवढ्या दाखव' म्हणायचं, मूल सहा दाखवतं. मग एकवर बोट ठेवून तेच. खूप मुलं एकच सोंगटी दाखवतात, आणि उरलेल्या नऊ कुठे गेल्या हा प्रश्न त्यांना पडत नाही. एकक-दशकाचे तक्ते बरोबर भरणारी मुलंसुद्धा.

सावलीतली

ॲपचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी साधी एक्सेल शीट वापरते, आडवी कौशल्यं, उभी मुलं, आणि चौकटीत टिक न करता तारीख आणि एक अक्षर, स्व म्हणजे स्वतः केलं, म म्हणजे मदतीने. एकदाच 'स्व' आलं तर मी ते पक्कं धरत नाही, वेगळ्या दिवशी वेगळ्या वस्तूंवर परत आलं तरच. उभ्या रकान्यात सगळीकडे 'म' दिसले तर मुलांचं नाही, मी शिकवलेलं तपासायचं. ॲप घेतलंत तर मुलांची नावं आणि आवाजाचं रेकॉर्डिंग कुठे साठतं ते आधी बघा, आणि पालकांना विचारल्याशिवाय रेकॉर्डिंग नकोच.

दुपारची_शाळा

शेवटचा प्रश्न. मोठ्या सुट्टीनंतर किंवा लांबलेल्या आजारपणानंतर मूल परत येतं तेव्हा जुन्या नोंदी धरायच्या का परत पहिल्यापासून सगळं बघायचं?

पाटीपेन्सिल

पहिल्यापासून नको. पानावर जे शेवटचं 'स्वतः' केलेलं आहे तिथून एक पायरी मागे जाऊन सुरू करा, म्हणजे त्याला आल्या आल्या काहीतरी जमतं. साधारण दोन-तीन दिवसांत बरंच परत वर येतं. दोन आठवड्यांनीही जे आलं नाही ते तेवढंच तारीख टाकून नव्याने लिहा, आणि जुनी नोंद खोडू नका, शेजारी राहू द्या.